शेवटच्या दिवसांची भाषा

मराठी माणूस ‘पानिपत झाले’ असे म्हणतो, तेव्हा दिल्लीच्या उत्तरेला असलेल्या त्या गावाविषयी त्याला काहीच सांगायचे नसते. उमेदवार निवडणुकीत आपटला, पोरगा गणितात गेला, लग्नाच्या शेवटच्या पंगतीला भात पुरला नाही, तरी आपण पानिपतच झाले म्हणतो. १४ जानेवारी १७६१ या दिवशी मराठ्यांची एक पिढीच्या पिढी ज्या मैदानावर पडली, ते मैदान नकाशावरून उठून आपल्या भाषेत येऊन बसले आहे. आता अशी कल्पना करा, की आणखी दोन हजार वर्षांनी कुणी दूरदेशीचा विद्वान आपली एखादी कादंबरी उघडतो, तीत ‘यंदा आमचे पानिपत होणार’ असे वाक्य वाचतो, आणि त्या गावी फौजा कधी जमतात याची वाट पाहत नकाशापुढे बसून राहतो. आपण त्याला हसू. परंतु अगदी अशाच रीतीने एक फार जुने पुस्तक आज जगभर वाचले जात आहे, आणि तिथे मात्र कुणी हसत नाही.

ख्रिस्ती धर्मग्रंथातील शेवटचे पुस्तक ‘प्रकटीकरण’ हे होय. पृथ्वीवरचे राजे शेवटच्या लढाईसाठी जिथे गोळा होतात, त्या जागेला या पुस्तकात हर्मगिदोन म्हटले आहे. हिब्रू भाषेत या नावाची फोड ‘मगिद्दोचा डोंगर’ अशी बहुतेक अभ्यासक करतात. मौज अशी, की मगिद्दोला डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. मैदानाच्या कडेला एकावर एक वसत गेलेल्या जुन्या नगरांच्या मातीचे एक टेकाड तेवढे आहे. परंतु पानिपताने आपल्या मनात जे घर केले, तेच या जागेने ज्यू लोकांच्या मनात केले. लढाया तिथे पूर्वीही झाल्या होत्या. इ. स. पूर्व ६०९ मध्ये मात्र यहूदाचा राजा योशिया तिथे मिसरच्या फारो नखोकडून मारला गेला. धर्मनिष्ठांच्या साऱ्या आशा त्या एका राजावर खिळलेल्या होत्या. त्यानंतर पंचवीस वर्षे उलटली नाहीत तोच यरुशलेम पडले आणि मंदिर जळाले. मगिद्दोचे नाव घेताच ज्यू श्रोत्याच्या काळजात काय होत असेल, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

माझे म्हणणे एवढेच आहे, की शेवटच्या दिवसांची ही भविष्ये एका विशिष्ट लोकसमूहाच्या आठवणींच्या भाषेत लिहिलेली आहेत, आणि त्या लोकांचा इतिहास बाजूला ठेवला तर ती भाषाच वाचता येत नाही. मी धर्मशास्त्री नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कादंबऱ्या लिहिणारा, गोंदिया जिल्ह्यातला एक शाळामास्तर आहे. हिब्रू मला येत नाही, ग्रीकही येत नाही. पण गोष्ट उघड बोलता येत नसली म्हणजे लेखक काय करतो, हे या धंद्यात थोडेफार कळते. तेवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहे.

हा प्रश्न केवळ पंडितांचा असता तर दिवाळीच्या फराळाबरोबर तो तुमच्यापुढे ठेवण्याचे धाडस केले नसते. परंतु भविष्ये आता मोबाईलवर येतात. इस्राएलच्या बाजूला तोफ वाजली, की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावातल्या पानठेल्यावर कुणीतरी शेवटचे युद्ध सुरू झाल्याची चित्रफीत दाखवीत असतो. धान रोवून आलेली एक आई मागे शाळेत आली आणि दाराशीच उभी राहून विचारू लागली, ‘‘गुरुजी, जगच बुडनार आहे म्हनतेत, त मंग पोरीचा दहावीचा फारम कायले भरावा?’’ तिला फीचे पैसे वाचवायचे नव्हते. ती खरोखर भ्यालेली होती. फॉर्म भरला गेला, मुलगी परीक्षेला बसली, हे सांगून टाकतो. पण त्या प्रश्नाने मला ही पुस्तके पुन्हा नीट वाचायला लावली. जे ग्रंथ भ्यालेल्यांना धीर देण्यासाठी लिहिले गेले, ते भिववण्याच्या कामी कसे आले?

काही दोष शब्दांचाही असावा. मराठी बायबलांतून ‘भविष्यवादी’ आणि ‘संदेष्टा’ असे दोन्ही शब्द योजले गेले आहेत. भविष्यवादी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंचांग उघडून बसलेले जोशीबुवा येतात. हिब्रू परंपरेतला माणूस मात्र निरोप्या आहे. तो राजाला तोंडावर खडसावतो, सावकाराला शाप देतो, विधवेची बाजू घेतो. उद्याचे तो बोलतो तेही आजचा माणूस वळावा म्हणून. त्या मानाने ‘प्रकटीकरण’ हे नाव फार चांगले उतरले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पडदा दूर करणे असाच आहे, जगाचा नाश असा नाही. मराठीत ख्रिस्तकथा सांगायला बसलेल्या फादर स्टीफन्सलाही हे कळले होते. १६१६ साली छापलेल्या त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा पहिला भाग सगळाच्या सगळा जुन्या कराराचा आहे. ज्यू लोकांची कहाणी आधी ऐकल्याशिवाय पुढची कळणार नाही, हे त्या इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून ओळखले. पंडिता रमाबाईंनी तर आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. पुस्तक ज्या भाषेत जन्मले त्या भाषेपाशी गेल्याशिवाय त्यांचे समाधान झाले नाही.

बाहेरच्याला जिथे नुसता दगड दिसतो तिथे आतल्याला इतिहास दिसतो, हे आम्हा या भागातल्या लोकांना नवीन नाही. आमच्याच जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. सहलीला येणारा तिला मोठी गुहा म्हणून पाहून जातो. माघ पौर्णिमेला तिथे जमणारा गोंड समाज मात्र तिला आपल्या पूर्वजांच्या कोंडवासाची आणि लिंगोने केलेल्या सुटकेची जागा मानतो. लिंगोची ही गाथा लिहून घेतली ती नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८६६ साली ती छापली गेली. कोंडलेल्या लोकांची गाथा त्यांच्या तोंडूनच ऐकावी लागते. बायबलची भविष्येही तशीच ऐकली पाहिजेत.

आता मूळ ग्रंथाकडे वळू. शेवटच्या दिवसांची गणिते मांडणारे बहुतेक जण ज्या पुस्तकाचा आधार घेतात, ते दानीएलाचे पुस्तक. कथा बाबेलच्या दरबारात घडते, म्हणजे इ. स. पूर्व सहाव्या शतकात. बंदिवान ज्यू तरुण, उन्मत्त राजे, आगीची भट्टी, सिंहांची गुहा, आणि मग समुद्रातून वर येणारी चार श्वापदे. चौथ्या श्वापदाला दहा शिंगे, त्यांतून उगवणारे एक लहान शिंग, आणि त्या शिंगाला बढाया मारणारे तोंड. हे शिंग म्हणजे आपल्या काळातला अमका पुढारी, असे प्रत्येक शतकातल्या कुणी ना कुणी सांगितलेले आहे.

परंतु पुस्तकच आपली किल्ली देते. आठव्या अध्यायात एडका आणि बोकड यांची झुंज आहे, आणि देवदूत स्पष्ट सांगतो की एडका म्हणजे मेदी-पारसी राजे व बोकड म्हणजे ग्रीसचा राजा. बोकडाचे मोठे शिंग मोडते आणि त्याच्या जागी चार उगवतात. इ. स. पूर्व ३२३ मध्ये अलेक्झांडर मेला आणि त्याचे राज्य सरदारांनी वाटून घेतले, हे ज्याने शाळेत वाचले त्याला येथे कोडे उरत नाही. अकराव्या अध्यायात उत्तरेचा राजा आणि दक्षिणेचा राजा यांच्या लढाया, तह आणि सोयरिकी इतक्या बारकाईने येतात, की तो भविष्याचा अध्याय न वाटता बखरीचा वाटतो. उत्तरेचे राजे सिरियाचे सेल्युकसवंशी आणि दक्षिणेचे मिसरचे टॉलेमी. ही बखर एका माणसापाशी येऊन थांबते. तो चौथा अँटिओकस. त्याने इ. स. पूर्व १७५ पासून १६४ पर्यंत राज्य केले, आणि स्वतःला ‘एपिफेनीस’, म्हणजे प्रकट झालेला देव, म्हणवून घेतले.

या अँटिओकसची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इ. स. पूर्व १६८ मध्ये तो मिसर जिंकायच्या बेतात असताना रोमचा वकील पोपिलियस त्याला आडवा आला. परत फिरण्याचा हुकूम त्याने राजाच्या हाती दिला. राजा म्हणाला, विचार करून सांगतो. तेव्हा त्या म्हाताऱ्याने हातातल्या काठीने राजाभोवती वाळूत एक वर्तुळ ओढले आणि म्हटले, याच्या बाहेर पाऊल टाकण्यापूर्वी उत्तर दे. राजा परत फिरला. दानीएलाच्या पुस्तकात पश्चिमेकडून जहाजे येतात आणि उत्तरेचा राजा खचून मागे वळतो, ते हेच. पुढच्याच वर्षी त्या राजाने यरुशलेमच्या मंदिरातील वेदीवर झ्यूसची पूजा सुरू केली, सुंता आणि शब्बाथ पाळणे हा देहान्त शिक्षेचा गुन्हा ठरवला. ओसाडी आणणारी जी अमंगळ वस्तू म्हणून पुढे दोन हजार वर्षे तर्क चालले, तिचा पहिला अर्थ हा होता. मग मोदीन गावच्या एका म्हाताऱ्या याजकाच्या मुलांनी, मक्काबी भावांनी, बंड केले आणि इ. स. पूर्व १६४ च्या डिसेंबरात मंदिर पुन्हा शुद्ध केले.

बखर इथवर बिनचूक येते. पुढे मात्र पुस्तक म्हणते, की हा राजा समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्यामध्ये तंबू ठोकील आणि तिथे त्याचा शेवट होईल. अँटिओकस मेला तो दूर इराणात. तिसऱ्या शतकातल्या पोर्फिरी या तत्त्वज्ञाने नेमके हे हेरले आणि निष्कर्ष काढला, की पुस्तक बाबेलच्या काळातले नसून अँटिओकसच्या छळाच्या ऐन भरात लिहिलेले आहे. त्याचा ग्रंथ जाळला गेला. त्याचे युक्तिवाद आपल्याला कळतात ते मुख्यतः त्याला उत्तर द्यायला बसलेल्या जेरोमच्या भाष्यातून. आज बहुतेक अभ्यासक पोर्फिरीच्या बाजूचे आहेत.

यावर श्रद्धाळू वाचक चिडून विचारील, मग हे पुस्तक खोटे काय? कादंबरीकार म्हणून मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. आपल्या पुराणांत नंद, मौर्य, आंध्र या राजांच्या वंशावळी ‘होतील, राज्य करतील’ अशा भविष्यकाळात दिलेल्या आहेत. घडून गेलेले घडणार म्हणून सांगण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. त्याहून जवळचा दाखला हवा असेल तर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ घ्या. १९०७ साली ते रंगभूमीवर आले. नाटक महाभारतातले, कीचक विराटाच्या दरबारातला; पण प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसत होता आणि द्रौपदीच्या जागी भारतमाता. सरकारलाही तो दिसला, म्हणून १९१० साली नाटक बंद झाले. खाडिलकरांनी महाभारताविषयी खोटे सांगितले, असे कुणी म्हणेल काय? दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटके चालतात. रंगमंचावरचा पौराणिक खलनायक बोलू लागला की बायाबापड्या पदराआड कुणाचे नाव घेऊन हसतात, ते मी पाहिले आहे. दानीएलाचे पुस्तक छळाच्या दिवसांतले असेच ‘कीचकवध’ आहे. सिंहांच्या गुहेतून दानीएल सुखरूप बाहेर येतो, हे ऐकणाऱ्याच्या दाराबाहेर अँटिओकसचे शिपाई उभे होते.

ज्यू परंपरेनेही हे पुस्तक संदेष्ट्यांच्या ग्रंथांत बसवलेले नाही. हिब्रू बायबलात ते ‘लेख’ या तिसऱ्या विभागात येते. ख्रिस्ती बायबलाने त्याला संदेष्ट्यांच्या रांगेत नेऊन बसवले. एका पुस्तकाचे कपाट बदलले आणि वाचनच बदलून गेले.

येथे मराठी वाचकाला या इतिहासाशी जोडणारा एक धागा आपल्याच कोकणात सापडतो. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज याच अँटिओकसच्या छळाला कंटाळून गालीलातून निघाले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या, उरली ती तोंडपाठ असलेली ‘शेमा’ ही प्रार्थना आणि शनिवारी काम न करण्याचा नेम. तेलाचा घाणा चालवणारे हे लोक शेजाऱ्यांना ‘शनिवार तेली’ म्हणून ठाऊक झाले. दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे त्यांनी कोकणच्या गावांवरून घेतली आणि मराठी ही त्यांची मायबोली झाली. ते कधी आले याविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एक विलक्षण गोष्ट पुढे मांडली. मंदिर शुद्ध झाल्याच्या आनंदाचा हनुक्का, आठ दिवसांचा दिव्यांचा सण, हा जुन्या बेने इस्राएलांना माहीतच नव्हता. बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो त्यांनी घेतला. जणू छळाची बातमी घेऊन ते निघाले आणि सुटकेची बातमी त्यांच्या मागून शेकडो वर्षांनी पोहोचली.

ही परंपरा इतिहासाच्या कसोटीवर पुरती उतरो वा न उतरो, वाङ्मयाच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे. दानीएलाच्या पुस्तकातले ते लहान शिंग कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या घरांत भविष्यकाळात नव्हते, घराण्याच्या भूतकाळात होते. जगाच्या शेवटी येणारा कुणी राक्षस म्हणून त्याची वाट पाहण्याचे त्यांना कारण नव्हते. त्याच्यापासून तर ते पळून आले होते.

आणि शेवटच्या दिवसांची वाट पाहण्याची त्यांची रीतही बघण्यासारखी आहे. जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचे शेवटचे पुस्तक मलाखीचे, आणि त्या मोठ्या दिवसापूर्वी एलिया परत येईल या वचनावर ते संपते. बेने इस्राएलांचा हाच एलियाहू हन्नाबी. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. लग्नकार्य असो, नवस असो, त्याच्या नावाने मलिदा करतात. पोहे, ओले खोबरे, साखर, सुकामेवा, फळे. मंदिरांच्या नाशाचा उपवासही या लोकांनी ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून ओळखला, कारण त्या दिवसाशी वालाच्या बिरड्याचे जेवण जोडले गेले. प्रलयाच्या आधी येणाऱ्या संदेष्ट्यापुढे पोह्यांचे ताट ठेवणाऱ्या लोकांना भविष्याची भाषा कळत नव्हती, असे कोण म्हणेल?

शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी जे भविष्य आहे, त्याच्याकडेही याच दृष्टीने पाहावे. शिष्य मंदिराचे प्रचंड दगड कौतुकाने दाखवतात आणि येशू म्हणतो की यांतला दगडावर दगड राहणार नाही. पुढे तो सांगतो, यहूदियात असतील त्यांनी डोंगरात पळावे, धाब्यावर असलेल्याने सामान घ्यायला घरात शिरू नये, लेकुरवाळ्या बायांचे हाल होतील, आणि हे हिवाळ्यात न होवो अशी प्रार्थना करा. वाचकहो, सारी सृष्टीच संपणार असेल तर डोंगरात पळून काय उपयोग, आणि हिवाळा काय नि उन्हाळा काय? त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो, ओढे भरतात, वाटा बंद होतात. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुराने आमच्या भागातली गावे वेढली, तेव्हा म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना हलवणे म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले, त्यांना ही काळजी समजेल. हे बोलणे एका शहराच्या वेढ्याविषयीचे आहे.

तो वेढा पडला. इ. स. ६६ मध्ये ज्यूंनी रोमविरुद्ध शस्त्र उचलले, आणि ७० साली टायटसने यरुशलेम घेतले. मंदिर जळाले, त्यातली सात फाट्यांची दीपमाळ लुटून नेणारे सैनिक रोममधल्या टायटसच्या कमानीवर आजही कोरलेले दिसतात. या युद्धाचा इतिहास लिहिणारा जोसिफस एका खेडुताची हकीकत देतो. त्याचेही नाव येशूच, हनन्याचा मुलगा. युद्धाच्या चार वर्षे आधी, मंडपांच्या सणाच्या दिवसांत, तो मंदिरात ओरडू लागला की यरुशलेमला हाय. पुढाऱ्यांनी त्याला मारले, रोमन सुभेदाराने हाडे दिसेपर्यंत फटकावले, शेवटी वेडा म्हणून सोडून दिले. सात वर्षे पाच महिने तो ओरडत राहिला, आणि वेढ्यात रोमनांच्या यंत्रातून सुटलेल्या दगडाने मेला. शहराच्या नाशाची चाहूल त्या काळच्या साध्या माणसांनाही लागली होती. येशूचे बोलणे त्या हवेतले आहे.

प्रकटीकरण लिहिले गेले ते बहुधा या नाशानंतर, पहिल्या शतकाच्या अखेरीस. पात्म बेटावरचा योहान आशिया मायनरच्या सात मंडळ्यांना लिहितो. सात टेकड्यांवर बसलेल्या, रक्ताने धुंद झालेल्या एका नगरीचे चित्र तो काढतो आणि तिला बाबेल म्हणतो. बाबेल त्या वेळी केव्हाच मोडून पडले होते. मग हे नाव का? कारण बाबेलने पहिले मंदिर जाळले आणि रोमने दुसरे. दोन्ही नाशांसाठी ज्यू एकाच दिवशी उपवास करतात. सात टेकड्या आणि बाबेल एवढे म्हटले की कळणाऱ्याला कळत होते. पानिपतच्या पराभवाची बातमी पेशव्यांना मोत्यांच्या, मोहरांच्या आणि चांदी-तांब्याच्या खुर्द्याच्या भाषेत मिळाली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याला काहीच ठाऊक नाही तो त्या पत्राला सराफाची वही समजेल.

६६६ या आकड्याचेही तसेच. हिब्रूत अक्षरांना अंकांची किंमत असते, जशी आपल्याकडे कटपयादी पद्धतीत असते. ‘नरोन कैसर’, म्हणजे नीरो बादशहा, ही अक्षरे मांडली की बेरीज ६६६ येते. काही जुन्या हस्तलिखितांत हा आकडा ६१६ आहे, आणि नावाचे शेवटचे ‘न’ गाळले की पन्नास वजा होऊन नेमका तोच येतो. नीरो ६८ साली मेला, पण तो जिवंत आहे, परत येणार आहे, अशा वावड्या उठत राहिल्या आणि खोटे नीरोही उपटले. भाऊसाहेबांच्या तोतयाचे १७७६ चे बंड ज्यांना माहीत आहे, त्यांना घाव बरा होऊन उठणाऱ्या श्वापदाचे कोडे फारसे अवघड वाटू नये.

हा इतिहास विसरला गेला की आकडे मोकळे सुटतात. अमेरिकेतल्या विल्यम मिलरने दानीएलाचे २३०० दिवस म्हणजे तितकी वर्षे धरली आणि त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. कित्येकांनी शेतातली पिके तशीच उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. आपणही फुशारकी मारू नये. फेब्रुवारी १९६२ मधल्या अष्टग्रहीच्या वेळी देशभर यज्ञ झाले आणि जग बुडणार म्हणून माणसे धास्तावली होती, हे आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. ज्यू लोकांनी मात्र याची किंमत रक्ताने मोजली. १३२ साली बार कोखबाच्या बंडात अकिवासारख्या थोर रब्बीने त्याला मसीहा मानले, आणि १३५ पर्यंत यहूदिया उजाड झाला. तालमूदमध्ये शेवटाची गणिते मांडणाऱ्यांना शाप दिलेला आहे, तो या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर वाचावा.

इतिहासाच्या वाचनालाही मर्यादा आहेत, त्या सांगायला हव्यात. सारे काही ७० सालीच पुरे झाले, असे म्हणणारा एक पक्ष आहे. मला तो पटत नाही. दानीएलाच्या शेवटी मातीत निजलेले उठतात, प्रकटीकरणाच्या शेवटी डोळ्यांतले प्रत्येक आसू पुसले जाते. या आशा एका वेढ्यात मावणाऱ्या नाहीत. दुसरा धोका याहून वाईट. यरुशलेमचा नाश ही ज्यूंना झालेली शिक्षा, असे म्हणत शतकानुशतके युरोपात त्यांचा छळ झाला. ही भविष्ये ज्यांनी उच्चारली ते स्वतः ज्यू होते, आपल्या शहरासाठी रडत होते. घरातल्या माणसाचा आक्रोश शेजाऱ्याने शिवी म्हणून उचलावा, असे झाले. आणि आज त्या भूमीवर मरणाऱ्या लेकरांना, मग ती कुणाचीही असोत, कुणाच्या वेळापत्रकातली खूण समजणे हे त्याच जातीचे पाप आहे.

या साऱ्या वाङ्मयात मला सर्वांत जवळचा वाटतो तो यिर्मया. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, शहर पडणार हे तोच वर्षानुवर्षे सांगत आला आहे, आणि त्याबद्दल पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत पडला आहे. अशात त्याचा चुलत भाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचे माझे शेत विकत घे. शत्रूच्या टाचेखाली गेलेल्या गावातले शेत! यिर्मया १७ शेकेल चांदी तोलून देतो, खरेदीखत लिहवतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, मोहर लावतो. मग तो कागद बारूखच्या हाती देऊन सांगतो, की हे मातीच्या मडक्यात घालून ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल.